पांगरीत पांगरीकर कोण?

"येत्या बाजारापर्यंत कुणी मला पांगरीकर म्हटलं नाही, तर सटवाजी, चाक उचलायचं आणि वेशीबाहेर व्हायचं!" हंबीरराव सरदारांनी हुकूम सोडला. "आणि धाक घालून, पढवून म्हणवलेलं चालणार नाही. माणसानं आपणहून म्हणायला हवं."

सटवाजी कुंभार मान खाली घालून उभा राहिला. त्याचा गुन्हा एवढाच, की सकाळी वाड्यावरचा माणूस "पांगरीकरांनी रांजण मागवलेत" असं सांगत आला, तेव्हा तो सरळपणे विचारून बसला, "कोण पांगरीकर? या नावाचं आपल्या गावात कुणी नाही बुवा."

त्याची लेक राही वाड्याच्या दारामागून सगळं ऐकत होती. तिला बापाची कीव आली आणि सरदारांचं हसूही आलं.

सरदार मूळचे धामणीचे. राजानं पांगरी इनाम दिली, तेव्हापासून त्यांनी मनाशी धरलं, की गाव आपलं तर गावाचं नावही आपलंच. दवंडी पिटून झाली. पण गावाच्या जिभेला काही वळण लागेना. तोंडावर सगळे 'सरकार' म्हणत आणि पाठीमागे 'धामणीकर'. देवळातल्या गुरवानं तर एकदा "या धाम—" म्हणून अशी जीभ चावली, की त्याला दोन दिवस भाकरी चावेना. खरं तर पांगरी हे नाव पांगाऱ्याच्या झाडांवरून पडलेलं. फुलं लालभडक, लाकूड कशाच्याच कामाचं नाही. सरदारांचं पागोटंही तसंच लालभडक होतं, पण हे त्यांना सांगणार कोण?

सटवाजी घरी येऊन चाकाकडे बघत बसला. "तळ्यातली ही माती दुसरीकडं कुठं मिळायची?" तो म्हणाला.

तेवढ्यात आडावरून शेजारणीची हाक आली, "अगं ए वडनेरकरणी, घागर भरली तुझी!"

राहीची आई लगबगीनं धावली. तिचं नाव तानी, पण लग्न होऊन वडनेरहून आली तेव्हापासून पांगरीत तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. राही आईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मग खुदकन हसली आणि थेट वाड्यावर गेली.

"सरकार, आपल्याला पांगरीकर म्हणणारा माणूस दावते. पण वडनेरच्या बाजाराला आमच्या संगं यावं लागंल. पागोटं साधं, चोपदार नको, घोडा नको."

"घोडा नको? मग काय तुमच्या गाढवांमागून चालू?"

"आम्ही तर रोजच चालतो, सरकार."

सरदार चालले. मडकी लादलेल्या गाढवांच्या मागून, तोंडावर धूळ घेत, मिशीला पीळ देत चालले.

वडनेरच्या बाजारात एक म्हातारा गुळाच्या ढेपी मांडून बसला होता. त्यानं घामेजलेल्या सरदारांना न्याहाळलं. "कुठलं गाव, पाव्हणं?"

"पांगरी."

"मग या की पांगरीकर, सावलीला बसा. गूळपाणी घ्या."

सरदारांची छाती फुगली. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"पांगरीकर म्हणलं. चुकलं का काय?" म्हातारा गोंधळला. मग सरदारांच्या खांद्यावरून पलीकडे बघत ओरडला, "ओ पांगरीकर, ते गाढव आवरा आधी! गुळाला तोंड लावतंय!"

सरदार आणि सटवाजी दोघंही एकदमच वळले.

"पोरी," सरदार हळूच म्हणाले, "हा तर तुझ्या बापालाही पांगरीकर म्हणतोय."

"म्हणणारच की, सरकार. पांगरीत सगळेच पांगरीचे, तिथं कुणी कुणाला पांगरीकर म्हणायचं? गावाचं नाव वेस ओलांडल्यावर लागतं. माझी आई इथं वडनेरात तानी, अन् पांगरीत वडनेरकरीण. आपण धामणीहून आलात, म्हणून धामणीकर."

"म्हणजे माझ्या इनामात मी कधीच पांगरीकर व्हायचा नाही?"

"आपण नाही. पण हुकूम खरा केला असतात, तर माझे आबा झाले असते," राही म्हणाली. "चाक घेऊन वेशीबाहेर पडले असते, तर दिवस मावळायच्या आत जग त्यांना पांगरीकर म्हणालं असतं. अन् सरकार राहिले असते पांगरीत, धामणीकर म्हणूनच!"

सरदार असे खदखदून हसले, की गाढवानं गुळातून तोंड काढलं. म्हाताऱ्याच्या उष्ट्या ढेपीचे पैसे त्यांनीच चुकते केले, राहीला बाजारातलं सगळ्यात चांगलं लुगडं घेतलं, आणि तळ्यातली माती कुंभारांना पिढ्यानपिढ्या माफ करून टाकली.

परतताना वेशीपाशी सटवाजीनं भीत भीत विचारलं, "सरकार, ते रांजण कुणाच्या नावानं पोचवू?"

सरदारांनी डोईवरची धूळ झटकली.

"धामणीकरांच्या वाड्यावर आण," ते म्हणाले.