शंख बदलायचा की थांबायचं?

फार फार पूर्वी, किनाऱ्यावर अजून माणसाचं पाऊलसुद्धा उमटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

त्या किनाऱ्यावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांची वस्ती होती. तुम्ही पाहिले असतील हे खेकडे. त्यांचं मागचं अंग उघडं नि मऊ असतं, म्हणून बिचारे रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडतात. अंग वाढलं की शंख आवळू लागतो. मग मोठा शोधायचा.

या वस्तीची एक रीत होती. पौर्णिमेच्या उधाणाला समुद्र एखादा मोठा शंख वाळूवर टाकून जाई. लगेच सगळे मापानं रांग लावत. थोरला पुढं, बारका मागं. पहिला नव्या शंखात शिरला की त्याचा जुना दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. घटकाभरात सगळ्या वस्तीला ऐसपैस घरं! पण नवा शंख मागच्यांना फारच मोठा पडे, म्हणून पहिला हलला नाही, तर मागच्या कुणालाच हलता येत नसे.

आणि पहिले होते अण्णा.

अण्णांचा शंख इतका आवळला होता की कूस बदलायची म्हटली तरी कड टोचे. त्यांच्यामागं काकी, मग इतर, आणि अगदी शेवटी बारकी. वयानं नव्हे हं, चणीनं बारकी. तोंडानं मात्र सगळ्यांना भारी. तिच्या शंखाला वरून भोक पडलं होतं. त्यातून तिचं गुलाबी अंग दिसे. आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीलाही ते दिसत होतं.

एका पौर्णिमेला शंख आला. रांग लागली. अण्णांनी तो ठोकून पाहिला, आत डोकावले, भोवती तीन फेऱ्या मारल्या.

"कड जरा उडालीय," ते म्हणाले. "आत्ता घेतला आणि पुढच्या महिन्यात अखंड आला, तर? हातचा जुना बरा. थांबू या."

"अहो अण्णा, तुमचं थांबणं होतं, आमचं काय?" मागून बारकी ओरडली. "माझ्या घरात पाऊससुद्धा न विचारता येतो!"

सगळे हसले. अण्णाही हसले. संध्याकाळी लाटेनं शंख परत नेला. रात्रभर अण्णांच्या जिवाची घालमेल. घ्यायला हवा होता का? छे, बरं झालं नाही घेतला. पण घेतला असता तर?

पुढच्या पौर्णिमेला खरोखरच अखंड शंख आला. आता तरी घ्यावा की नाही? पण अण्णांच्या डोक्यात भलतंच चक्र फिरू लागलं. गेल्या खेपेपेक्षा या खेपेचा सरस. म्हणजे पुढच्या खेपेचा याहून सरस! मग आज घेणारा मूर्खच ठरेल. आता काय म्हणावं या गृहस्थाला!

"अण्णा, पुढचा चांगला असेलही," काकी म्हणाल्या. "पण आज टोचतंय त्याचं काय?"

"टोचतंय ना. मलाच टोचतंय. मी सोसतोय ना?" अण्णा चिडून म्हणाले. तोही शंख समुद्रात गेला.

तिसऱ्या पौर्णिमेला जो शंख आला, तो पाहून वस्तीचे डोळे दिपले. हलका, गुळगुळीत, आत सात वळणं. अण्णा पाय लांबवून आत चाचपू लागले. अहाहा! अंग अर्धं बाहेर काढलं, तोच मनात पाल चुकचुकली. हा इतका छान, तर पुढचा केवढा छान असेल? त्यांनी अंग पुन्हा जुन्यात ओढून घेतलं. मग पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

"अण्णा!" बारकीचा आवाज आला. त्यात आज थट्टा नव्हती. "घार खाली उतरलीय हो. काय ते एकदाचं ठरवा!"

"झालंच गं. अमळ थांब."

वाळूवरून सावली सरकली. सगळे अंग चोरून आपापल्या शंखात दडले. मग पंखांचा एकच फडफडाट झाला.

थोड्या वेळानं सगळ्यांनी डोकी बाहेर काढली. रांगेच्या टोकाला भोक पडलेला शंख उपडा पडला होता. बारकी नव्हती.

अण्णा मुकाट्यानं नव्या शंखात शिरले. त्यांच्या जुन्यात काकी शिरल्या, काकींच्या जुन्यात तिसरा, तिसऱ्याच्या जुन्यात चौथा. दोन महिने अडलेलं काम डोळ्यांची पापणी लवते न लवते तोच उरकलं.

शेवटी वाळूवर एक शंख उरला. बारकीच्या मापाचा, आणि त्याला कुठंही भोक नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेला समुद्रानं आणखी सुंदर शंख आणून टाकला. अण्णांचा अंदाज अगदी बरोबर होता! पण अण्णा तिकडं फिरकलेच नाहीत. त्या बारक्या रिकाम्या शंखापाशी ते दिवसभर बसून राहिले. "मलाच टोचतंय म्हणालो मी," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

बोध : घ्यायचं की थांबायचं हे ठरवण्याआधी, आपल्यामुळं मागं कोण अडून उभं आहे ते वळून पाहावं.