डावीकडची जागा

“कुठं चुकतंय माझं, बाबा? सांगा तरी.”

मुनाफ शिकलगारनं तिसऱ्या दिवशीही तेच विचारलं. मगरिबची नमाज नुकतीच संपली होती. सूर्य बुडाला होता, पण उजेड अजून होता. नमाजी एकेक करून निघून गेले होते, आणि मशिदीत मुनाफ आणि इलाहीबाबा एवढेच उरले होते.

बाबा मागच्या बाजूला आपल्या स्टुलावर बसले होते. त्यांनी तसबीहचा एक मणी पुढे ढकलला.

“अजून पुरी झाली न्हाई,” ते म्हणाले.

काल हेच म्हणाले होते. परवाही हेच.

इलाहीबाबा धंद्यानं पिंजारी. दिवसभर कापूस पिंजायचा आणि पाच वेळा गावाला नमाज पढवायची, असं त्यांचं चाळीस वर्षं चाललेलं. त्यांच्या दाढीत पिकलेला केस कुठला आणि कापूस कुठला, हे गावाला कधी कळलं नाही. आता मात्र गुडघ्यांनी दगा दिला होता. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं, की उठवायला दोन माणसं लागत. तेव्हा जमातीनं ठरवलं, बाबांच्या जागी दुसरं कुणीतरी पुढे उभं राहावं. कुणी, ते बाबांनीच सांगावं.

नाव एकच होतं. मुनाफ. नऊ वर्षं मदरशात राहून तो हाफिज होऊन आला होता, सगळं कुराण तोंडपाठ. त्यालाही ती जागा हवी होती. हवी होती म्हणजे काय, जीवच अडकला होता तिच्यात. नऊ वर्षं घरदार सोडून राहिलो ते कशासाठी, असं तो रोज स्वतःला विचारायचा.

बाबा म्हणाले होते, “चार दिस मगरिब तू पढव. मी मागं बसून पढतो. तुझी नमाज पुरी झाली, की मी सांगंन.”

मुनाफ मनात हसला होता. त्याच्या नमाजेत अपुरं ते काय सापडणार?

चुका काढण्यात तर त्याचा हातखंडा होता. नमाजेआधी वुजूचे हातपाय धुताना याची टाच कोरडी राहिली, रुकूत वाकताना त्याची पाठ वाकडी, अमक्यानं सजद्यात कोपर जमिनीला टेकवलं. सांगायचा ते खरंच असायचं. पण चारचौघांत सांगायचा. मणेरांचा म्हातारा म्हणे, “ह्या पोराच्या शेजारी उभं ऱ्हायलं की अल्लाची भीती कमी आन् ह्याचीच जास्त वाटती.”

“वुजूत काही राहिलं का?” मुनाफनं विचारलं.

“न्हाई.”

“उच्चार?”

“तुझ्या उच्चाराला कोण नाव ठेवंल?”

“मग रुकू? सजदा?”

“रुकूत तुझ्या पाठीवर पाण्याची वाटी ठेवली, तरी सांडायची न्हाई.”

“आज मी सजद्यात रडलोसुद्धा, बाबा.”

“रडलास ते बरं केलंस,” बाबा म्हणाले. “पण पुरी न्हाई झाली.”

म्हाताऱ्याला जागा सोडवत नाही, असं एकदा मुनाफच्या मनात येऊन गेलं. लगेच त्याची त्याला लाजही वाटली.

“नमाज संपती कशानं?” बाबांनी विचारलं.

हे तर सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. तरी मुनाफनं उत्तर दिलं.

“सलामानं. आधी उजवीकडे मान वळवायची, मग डावीकडे.”

“सलाम कुणाला?”

“फरिश्त्यांना. आणि जमातीत जे असतील त्यांना. तुमच्यावर शांती असो, म्हणून.”

“आज डावीकडं, खिडकीपाशी कोण हुतं?”

मुनाफची नजर खिडकीकडे गेली.

खिडकीपाशी कुणी नव्हतं. तीन दिवस नव्हतं. नमाजेला उभं राहताना मुनाफ रोज मागे वळून बजावायचा, “सफ सरळ करा. खांद्याला खांदा लावा. मधे जागा सोडू नका.” ओळीतले सगळे सरकायचे. फक्त मणेरांचा म्हातारा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. त्याच्या पलीकडे एका माणसाची जागा तशीच राहायची.

ती जागा इलियासची होती. मुनाफच्या थोरल्या भावाची.

मुनाफ नमाज पढवू लागल्यापासून इलियास अजान झाली की मशिदीपर्यंत यायचा, पण आत यायचा नाही. नळावर वुजू करत बसायचा, तो आत जमातीची नमाज संपेपर्यंत. मग बाहेरच्या पडवीत एकटाच नमाज पढून घरी जायचा. सगळ्या गावाला ते दिसत होतं. मुनाफ तेवढं न दिसल्यासारखं करत होता.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे वडील वारले. वडिलांच्या जनाज्याची नमाज पढवायचा मान थोरल्या मुलाचा. इलियास पुढे झाला होता. उभाही राहिला होता. तेवढ्यात मुनाफनं त्याचा दंड धरून त्याला मागे घेतलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, “भाई, तुमचं पढणं दुरुस्त नाही. तुमच्यामागे अब्बांची नमाज कशी होणार?”

आणि तो स्वतः पुढे उभा राहिला.

घशातून काढायचा ‘काफ’ इलियासच्या तोंडून साध्या ‘क’सारखा यायचा, एवढीच काय ती खोट. जनाज्याची दुआ तर मनात म्हणायची असते. इलियासचा काफ त्या दिवशी कुणाला ऐकूही गेला नसता.

तेव्हापासून आठ महिने झाले. घर एकच, पण भाऊ भावाशी बोलला नव्हता.

“चल,” बाबा म्हणाले. “मला घरापातूर सोड.”

मुनाफनं त्यांना हात देऊन उठवलं. दोघं दारापर्यंत आले आणि बाबा थांबले.

पडवीत इलियास नमाज पढत होता. पायऱ्यांकडे जायची वाट त्याच्या पुढूनच होती, आणि नमाज पढणाऱ्याच्या पुढून कुणी जात नाही. थांबणं भाग होतं.

मुनाफनं मान दुसरीकडे वळवली. पण पाहायला तिथे दुसरं काही नव्हतं.

मग तो पाहत राहिला. इलियासचे हात बेंबीखाली बांधलेले. विळ्या-कात्र्यांना धार लावून काळे पडलेले हात. याच हातांनी त्यानं सहा वर्षांच्या मुनाफचे हात धरून ते कुठे बांधायचे, कसे बांधायचे, ते दाखवलं होतं. धारेचं चाक फिरवता फिरवता कुराणातल्या छोट्या छोट्या सूरा त्याच्याकडून पाठ करून घेतल्या होत्या. मदरशात जाताना मुनाफला जे काही येत होतं, ते सगळं इलियासनं दिलेलं होतं.

इलियास शेवटच्या बैठकीला बसला. त्यानं उजवीकडे मान वळवून सलाम म्हटला.

मग डावीकडे वळवली. डावीकडे दार होतं. दारात मुनाफ उभा होता.

सलाम म्हणता म्हणता इलियासचा आवाज क्षणभर अडखळला. पण त्यानं तो पुरा म्हटला. मग उठला, टोपी खिशात घातली आणि पायऱ्या उतरून गेला.

मुनाफनं बाबांना घरापर्यंत सोडलं.

चौथ्या दिवशी मगरिबला सफ उभी राहिली. मुनाफ पुढे उभा राहिला आणि नेहमीसारखा मागे वळला.

“सफ सरळ करा. मधे...”

खिडकीपाशी जागा तशीच होती.

तो सफेतून वाट काढत बाहेर गेला. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बाबा स्टुलावर डोळे मिटून बसले होते.

नळावर इलियास पाय धूत होता. भाऊ समोर येऊन उभा राहिला तरी त्यानं वर पाहिलं नाही.

“भाई,” मुनाफ म्हणाला. “सफेत जागा राहिलीय. तुमची.”

इलियास पाय चोळत राहिला.

“माझं पढणं दुरुस्त न्हाई,” तो म्हणाला.

आठ महिन्यांनी भावाच्या तोंडून आलेले हे पहिले शब्द.

इलियासच्या डाव्या टाचेवर बोटभर जागा कोरडी राहिली होती. ती मुनाफला दिसली. त्याची नजरच तशी होती.

तो खाली बसला. नळाखाली ओंजळ धरली आणि ते पाणी त्या टाचेवर सोडलं. हातानं टाच चोळली. पुन्हा ओंजळ भरली.

“चुकलं माझं, भाई,” तो खालीच बघत म्हणाला. “अब्बांच्या वेळी... चुकलं.”

इलियासनं पाय ओढून घेतला नाही. त्यानं नळ बंद केला आणि भावाच्या मागोमाग आत आला. मणेरांचा म्हातारा जरासा सरकला.

नमाज सुरू झाली. तीन फेऱ्यांतली पहिली रकात नीट झाली. दुसऱ्या रकातीत मुनाफनं एक छोटी सूरा घेतली. इलियासनं पाठ करून घेतलेल्यांपैकीच ती एक होती. मुद्दाम घेतली नव्हती, तोंडात आली.

आणि मधेच तो अडकला.

सगळं कुराण तोंडपाठ असलेला हाफिज चार ओळींच्या सूरेत अडकला. त्यानं मागची ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा तिथेच येऊन थांबला...

इमाम अडला, की मागच्या कुणीतरी पुढचा शब्द सांगायचा असतो. त्याला लुकमा म्हणतात. पण या इमामाला, लोकांच्या टाचा तपासणाऱ्या मुनाफला, लुकमा द्यायचा कुणी?

डावीकडून, खिडकीपासून आवाज आला. जाडाभरडा, हळू. पुढचा शब्द. त्यातला काफ साधा ‘क’ होऊन आला.

मुनाफनं तो शब्द उचलला, पुढे निघाला आणि सूरा पुरी केली. तिसरी रकात झाली. उजवीकडे सलाम झाला. मग त्यानं डावीकडे मान वळवली. त्या बाजूला आज सगळी जागा भरलेली होती.

नमाजी गेले. इलियास पायऱ्यांवर थांबला होता. मुनाफ बाबांच्या स्टुलापुढे येऊन उभा राहिला, खाली मान घालून. जागेचं आज त्यानं विचारलंच नाही.

“आज अडकलो, बाबा. हाफिज असून. लहान पोरालाही येते ती सूरा.”

“ऐकलं मी.”

“भाईनं लुकमा दिला म्हणून निभावलं. नाहीतर नमाज राहिलीच असती.”

बाबांची तसबीह थांबली. त्यांनी वर बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले. “आज पुरी झाली.”