अर्धी भुवई

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत असत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला "मान सरळ, हात मांडीवर" असं ज्या सुरात ते दरडावत, त्यावरून हे नाव पडलं असावं. त्यांच्या हाताखाली निवास नावाचा एक शिष्य होता. वय तिशीचं, हात चांगला, नजर त्याहून चांगली, आणि स्वतःविषयीचं मत या दोहोंपेक्षा चांगलं.

मास्तरांची एक रीत होती आणि ती निवासला मुळीच पटत नसे. लग्न असो, वास्तुशांत असो, बारसं असो, निघण्यापूर्वी मास्तर त्या घरातल्या प्रत्येक वयस्क माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवत आणि त्याचा एक साधा फोटो काढत. कुणी काढायला सांगितलेला नसे आणि त्याचे ते काही घेतही नसत. तो फोटो पाकिटात जाई, पाकिटावर नाव, आणि पाकीट दुकानातल्या लोखंडी पेटीत. मग वर्षानं म्हणा, दहा वर्षांनी म्हणा, त्या घरचा कुणीतरी मुंडण केलेल्या डोक्यानं दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राही. मास्तर त्याला काही विचारत नसत. पेटी उघडत आणि पाकीट काढून हातात देत. गावातल्या निम्म्या घरांत हार घातलेले जे फोटो होते, ते या पेटीतून गेलेले होते.

निवासला हे सगळं अभद्र वाटे. माणूस धडधाकट समोर बसलाय आणि आपण त्याच्या तेराव्याची तयारी करतोय, हे कसलं काम? त्याला नाव कमवायचं होतं. स्टँडसमोर नवा स्टुडिओ निघाला होता आणि लग्नाळू पोरी तिकडे वळू लागल्या होत्या. साधे, सरळ फोटो हल्ली ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये निघतात, मग आपल्याकडे कुणी का यावं, ही काळजी त्याला रात्रंदिवस खात होती.

अशात शहरातल्या एका दुकानात त्याला ती लेन्स दिसली. पितळी नळीची, जुन्या धाटणीची, चेहऱ्यांसाठीच घडवलेली. तिच्यातून पाहिलं की चेहऱ्याभोवती दुधाळ तेज पसरे, सुरकुत्या विरघळून जात आणि मागची झाडं गोल गोल फिरल्यासारखी दिसत. साठीची बाई चाळिशीची दिसे आणि चाळिशीची तर बघायलाच नको. किंमत ऐकून निवासला घाम फुटला, पण दुकानदार ओळखीचा निघाला. महिनाभर वापरून बघ, म्हणाला, पटली तर ठेव, नाहीतर आणून दे.

निवासनं ती मास्तरांपुढे ठेवली आणि घेऊ का, म्हणून विचारलं. मास्तरांनी ती उचलली, खिडकीकडे धरून तिच्यातून रस्त्याकडे पाहिलं, मग लेन्स बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा लेन्स लावली. असं दोन-तीनदा झालं. शेवटी ती त्याच्या हातात परत देत, महिना आहे ना अजून, एवढंच ते बोलले. हो नाही की नाही नाही. निवास मनातून चांगलाच चिडला.

त्याच आठवड्यात बयाजी लोहाराच्या नातीचं लग्न होतं. मास्तर हल्ली बाहेरच्या कामाला जात नसत, गुडघे दुखतात म्हणत. निवास एकटाच निघाला तेव्हा त्यांनी मागून आठवण केली, की बयाजी तात्याचा एक साधा काढून आण, पेटीत तो नाही. तात्या मोबाईल समोर आला की पाठ फिरवणारा माणूस होता. मास्तरांच्या कॅमेऱ्यालाही त्यानं चाळीस वर्षं हुलकावणी दिली होती.

पण त्या दिवशी नातीच्या आनंदात तात्या विरघळला. वरात गेल्यावर त्यानं डोक्यावरचा फेटा काढला आणि आपण होऊन भट्टीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. उतरतं ऊन पडलं होतं, मागे चिंचेचं झाड होतं. निवासच्या कॅमेऱ्याला ती पितळी लेन्स होतीच. साधी लेन्स पिशवीत होती. काढून बदलायला मिनीटही लागलं नसतं. पण समोर जे दिसत होतं ते इतकं देखणं होतं, की बदलावंसं त्याला वाटलंच नाही. त्यानं चार फोटो काढले, चारही त्याच लेन्सनं.

लग्नानंतर नवव्याच दिवशी बयाजी तात्या ऐरणीजवळच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तात्याचा मुलगा सर्जेराव मुंडण केलेल्या डोक्यानं पायरीवर आला, तेव्हा मास्तरांनी सवयीनं पेटीकडे हात नेला आणि मग निवासकडे पाहिलं. निवासनं चारातला एक फोटो काढून दाखवला. मास्तरांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. त्यांनी एका शब्दानंही बोल लावला नाही. उलट तो मोठा छापून घेतला, दुकानातली सर्वांत चांगली सागवानी फ्रेम काढून त्यात बसवला, आणि तेराव्याच्या सकाळी निवासला सांगितलं, "तू स्वतः नेऊन दे. आणि भिंतीवर टांगला की मगच परत ये. तोवर येऊ नकोस."

असली आज्ञा मास्तरांनी कधी केली नव्हती. निवासला तिचा अर्थ लागेना. खरं सांगायचं तर आपल्या फोटोचा मान होतोय असंच त्याला वाटलं, आणि तो ताठ मानेनं लोहाराच्या घरी गेला.

घर माणसांनी भरलं होतं. आल्या-गेल्यांनी फोटोची तारीफ केली. कुणी म्हणालं, तात्या अगदी संतासारखा दिसतोय. मग फ्रेम आत हौसाक्काकडे, तात्याच्या बायकोकडे गेली. म्हातारीनं पदरानं काच पुसली. तिनं फोटोवरून बोट फिरवलं, डाव्या डोळ्याच्या वर येऊन ते थांबलं, आणि तिथंच इकडून तिकडे फिरत राहिलं.

"लई देखणा काढलास बाळा," ती निवासला म्हणाली. "पण ह्यात आमचं माणूस न्हाई."

मग तिनं सांगितलं, तेव्हा तिचं स्वतःचं लग्न होऊन नुकतंच वर्ष झालं होतं. ती भाकरी घेऊन भट्टीवर आली, तात्यानं विळ्याला घाव घालता घालता तिच्याकडे मान वळवली, ठिणगी उडाली आणि डावी भुवई अर्धी जळाली. ती भुवई पुन्हा उगवलीच नाही. पंचेचाळीस वर्षं तात्या तिला त्यावरून चिडवत होता. भाकरी करपली तरी म्हणायचा, आधी भुवई खाल्लीस, आता भाकरी. हे सांगताना ती रडत नव्हती. ती फक्त बोटानं फोटोत ती भुवई शोधत होती, आणि लेन्सनं ती तेजात बुडवून टाकली होती.

लग्नाचे बाकीचे फोटो पाहिले. सगळ्यांत तात्याचा फेटा भुवयांवर उतरलेला. हार येऊन पडला होता, गुरुजी खोळंबले होते. शेवटी सर्जेरावनं ट्रंकेतून आधार कार्ड काढलं आणि तो झेरॉक्सच्या दुकानाकडे धावला. आधार कार्डावरचा फोटो कसा असतो ते आपण सगळे जाणतो. मोठा केल्यावर तो अधिकच भयानक झाला होता. रंग जांभळट, केस विस्कटलेले, डोळे वटारलेले, चेहऱ्यावर दाणे. पण डाव्या डोळ्यावर भुवई अर्धी होती. हौसाक्कानं तो कागद छातीशी धरला आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

दुसरी फ्रेम आणायला वेळ नव्हता. सर्जेरावनं तात्याचीच पक्कड आणून निवासपुढे ठेवली.

"तुलाच येतं ते उघडायला," हौसाक्का म्हणाली. "बसव एवढा."

निवासनं फ्रेम पालथी केली. मागचे बारीक खिळे त्यानं एकेक उपसले. काचेच्या आणि आपल्या फोटोच्या मध्ये त्यानं तो जांभळा कागद सरकवला, खिळे पुन्हा ठोकले, आणि फ्रेम भिंतीवर टांगून वर हार घातला. मग मान खाली घालून तो पंगतीत बसला.

संध्याकाळी तो दुकानात परतला तेव्हा मास्तर दिवा न लावता बसले होते.

"टांगला?" त्यांनी विचारलं.

निवासनं सगळं सांगितलं. साधी लेन्स पिशवीत होती मास्तर, असं तो दोनदा म्हणाला. मास्तरांनी दिव्याचं बटण दाबलं.

"या दिव्याभोवती मला मोठं तेजाचं कडं दिसतं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गुडघ्यांचं मी खोटं सांगत होतो. तुझी लेन्स लावून पाहिली आणि काढून पाहिली, मला काही फरकच दिसला नाही. मला गावात एकाच्याही तोंडावर सुरकुती दिसत नाही, सगळे कसे देखणे दिसतात. पण पायरीवर कोण आलंय, हे तो बोलल्याशिवाय मला कळत नाही. तात्याच्या फोटोतसुद्धा मला काही चुकलेलं दिसलं नाही रे. नुसती शंका आली, म्हणून तुला पाठवलं."

निवासनं खालच्या आवाजात विचारलं, की मग ती लेन्स वाईटच का.

"वाईट कशाला? लग्नाळू पोरी हौसेनं काढून घेतील, नाही आवडला तर उद्या पुन्हा बसतील. ज्याला पुन्हा बसता येणार आहे त्याच्यावर खुशाल लाव. ज्याचा दुसरा निघणार नाही त्याच्यावर लावू नकोस. आता तो कोण, ते मला चाळीस वर्षांत एकदाही आधी कळलेलं नाही. म्हणून मी सगळ्यांचा साधा काढतो."

शनिवारी निवास शहरात गेला आणि लेन्स दुकानदाराला परत देऊन आला. तात्याची भुवई काही त्यामुळे परत येणार नव्हती, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. लोहाराच्या घरावरून जाताना पुढे कित्येक वर्षं तो मान वर करत नसे.

मात्र शहरातून परतल्यावर त्यानं आधी लोखंडी पेटी उघडली आणि सगळी पाकिटं एकेक करून पाहिली. अर्धं गाव त्यात होतं. एका नावाचं पाकीट नव्हतं. त्यानं कॅमेऱ्याला साधी लेन्स लावली, खिडकीजवळ खुर्ची ओढली आणि मास्तरांचा हात धरून त्यांना तिच्यावर नेऊन बसवलं.

"मान सरळ," तो म्हणाला. "हात मांडीवर."

मास्तर क्षणभर त्याच्या आवाजाच्या दिशेनं पाहत राहिले. मग त्यांनी मान सरळ केली.