तुटक्या वायरीची भिक्षा

"कुणाचा म्हणून माझ्यावर विश्वास नाही. आता तुम्हीच सांगा बाबा, वायर तुटली त्यात माझा गुन्हा काय?"

फकीर नुकता कुठं दारात येऊन उभा राहिला होता. हातातल्या धुपाटण्यातून उदाचा धूर निघत होता. त्यानं अजून दुवासुद्धा दिला नव्हता.

"कसली वायर, माय?"

"ही!"

सोजरबाईनं मांडीवरची काळी वायर उचलून त्याच्या तोंडापुढं नाचवली. वायरीच्या एका टोकाला साबणाच्या वडीएवढा काळा डबा, दुसऱ्या टोकाला पिन. लॅपटॉपचा चार्जर होता तो. ओसरीवर पोतं अंथरून ती बसली होती. शेजारी ब्लेड, काळी चिकटपट्टी, आणि लेकीच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला लॅपटॉप.

फकिराचं नाव उस्मानशा. दर गुरुवारी तो गावातून फेरी घाली. झोळी पुढं करायची, पडेल ते घ्यायचं, पुढच्या दारी जायचं. तोंडानं कधी काही मागितलं नाही, आणि झोळीत पडलेलं कधी परत दिलं नाही. एकदा टवाळ पोरांनी त्याच्या झोळीत फाटकी चप्पल टाकली. पुढच्या गुरुवारी तीच शिवून, पायात घालून आला. दुसरी कुठून मिळवली, ते कुणी विचारलं नाही.

सोजरबाईच्या दारात तो जरा जास्त थांबे. दुसरं कुणी थांबतच नव्हतं.

खोटं कशाला सांगा, सोजरबाईचं तोंड म्हणजे उघडी विळी. भिंतीवरून दिराशी भांडली, दार लावलं. नळावरून शेजारच्या इंदूबाईशी भांडली, दार लावलं. हळदीकुंकवाला आलेली बाई जरा वाकडं बोलली, तिच्या पाठीवर दार लावलं. आता दार उघडं असलं तरी कुणी येत नव्हतं.

"बसा. धूर तिकडं करा, डोळ्यांत जातो."

फकीर पायरीवर बसला.

"माझी स्वप्नाली बंगळुरात असते," सोजरबाई म्हणाली. "हा तिचाच जुना लॅपटॉप. जाताना म्हणाली, फोनवर तुझं तोंड नखाएवढं दिसतं आई, यात मोठ्ठं दिसेल. बॅटरी मेलेली आहे. चार्जर लावला तरच चालतो, चार्जर गेला की मुडदा. पण दर रविवारी दुपारी पोरगी समोर बसायची. मी इथं भाजी निवडायची, ती तिथं केस विंचरायची..."

"मग?"

"मग काय! एका रविवारी म्हणाली, आई, रागवू नको, आम्ही काल सही करून लग्न केलं... आणि झालं. पडदा काळा! तिला वाटलं, आईनं रागानं झाकण आपटलं."

"लाइट गेली असेल."

"डोक्यावर पंखा फिरत होता, बाबा! वायर तुटली. आतून. इथं, पिनेच्या मानेपाशी."

फकिरानं वायर हातात घेऊन पाहिली.

"बाहेरून तर धड आहे."

"तीच तर बोंब आहे! दुकानात नेला, तिथं दिवा लागला. दुकानदार म्हणाला, मावशी, काही झालं नाही याला. इंदूबाईनं तिच्या घरी लावून बघितला. तिथंही लागला. चारचौघांसमोर लागतो मेला! वायर जरा वाकडी झाली की लागतो, सरळ झाली की जातो. इंदूबाई माझ्या तोंडावर म्हणाली, वायरीला कशाला दोष देतेस, दारं आपटायची तुला सवयच आहे."

फकिरानं मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"तुम्ही तरी खरं मानता का?"

"पाणी दे, माय."

सोजरबाई तणतणत आत गेली. आत टीव्ही मोठ्यानं चालू होता, समोर कुणी नव्हतं. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून ती तो सकाळीच लावून ठेवी. टेबलापुढच्या खुर्चीवर तिनं कपड्यांचा ढीग घातला होता. रिकामी खुर्ची तिला बघवत नव्हती.

फकीर पाणी प्याला. तांब्या पालथा घातला.

सोजरबाईनं ब्लेडनं वायर कापली. मानेपासचा बोटभर तुकडा निघाला. तो तिनं उभा चिरला, आणि ओरडलीच.

"बघा! बघा, म्हणत होते ना!"

आतल्या तांब्याच्या केसासारख्या तारा मधोमध तुटून काळ्या पडल्या होत्या.

तिनं तो तुकडा पदराला पुसला, तळहातावर घेतला, उजेडात धरला. आंधळ्याला दिसावं इतकं स्पष्ट होतं.

"आता बोला म्हणावं! पडद्यासमोर अस्सा धरते हा तुकडा. मग बघते पोरगी काय तोंड करते ते."

फकीर तुकड्याकडं नाही, तिच्याकडं बघत होता.

तिनं उरलेल्या वायरीचं रबर दातानं सोललं. नवरा होता तेव्हा विहिरीवरच्या मोटारीच्या वायरी असाच दातानं सोलायचा. ती ओरडायची, दात पडतील. दात शाबूत राहिले. नवरा गेला.

आत एक तार, आणि तिच्याभोवती जाळीसारखी दुसरी.

"दोन आहेत," फकीर म्हणाला.

"दोन असतात. आतलीला आतली जोडायची, बाहेरचीला बाहेरची. एकमेकींना शिवल्या की खेळ खलास. म्हणून मधी पट्टी."

"वायर तुटली, तेव्हा वीज कुठं गेली?"

"कुठं जाणार? भिंतीतच होती."

"होती?"

"होती की. पुढं जायला वाट नव्हती."

तिनं आतल्या तारेला पीळ दिला, पट्टी गुंडाळली.

"पडदा काळा झाला, तेव्हा झाकण उघडं होतं?"

"उघडंच होतं."

"मग लावलं कुणी?"

सोजरबाईचा हात थांबला.

आत टीव्हीवर कुणीतरी खदखदून हसलं.

"...मी लावलं. पण मागनं! पडदा काळा झाल्यावर. आधी बसले होते तशीच."

"आपटून?"

ती पट्टीचं टोक नखानं शोधू लागली.

"फोन होता जवळ?"

"होता. होता म्हणून काय झालं? लग्न तिनं केलं. न विचारता, न सांगता. आणि फोन मी करू? वाट बघितली. करंल म्हटलं."

"केला?"

"तिनं इंदूबाईला केला. म्हणाली, आईला सांग, झाकण लावलंस, मी काय समजायचं ते समजले." सोजरबाईनं दातानं पट्टी तोडली. "ती तिकडं समजून बसली, मी इकडं. रविवार आला की मी ओढणी सोडते, झाकण पुसते, पुन्हा गुंडाळते. पण आता बघा! आता माझ्याकडं हा तुकडा आहे. आता करते मी फोन. कुणाची मान खाली जाते ते कळू दे एकदा."

बाहेरच्या जाळीलाही पीळ दिला. वरून पट्टीचे वेढे दिले. जोड करंगळीएवढा जाड झाला. दिसायला ओंगळ, पण घट्ट.

चार्जर तिनं ओसरीवरच्या बोर्डात खुपसला.

डब्यावर हिरवा दिवा लागला. वायर वाकवली, दिवा राहिला. सरळ केली, राहिला. ओढली, हिसडली... राहिला.

"लागला!"

सांगायला तिनं मागं वळून घरात पाहिलं. मग पायरीकडं पाहिलं.

"लागला, बाबा."

"बरं झालं, माय."

लॅपटॉप तिनं पाटावर ठेवला, पिन घातली, झाकण उघडलं. पोरीनं शिकवलं होतं तसं फोनचं नेट त्याला जोडलं. पडद्यावर स्वप्नालीचा फोटो आला. त्या फोटोवर बोट ठेवलं की तिकडं घंटी वाजते. सोजरबाईनं तुटका तुकडा पडद्याच्या अगदी जवळ, हाताशी ठेवला. केस सारखे केले.

मग तिला आठवलं, फकिराला अजून काही वाढलं नाही. आत जाऊन ती वाडगाभर ज्वारीचं पीठ घेऊन उंबऱ्यात आली.

फकीर उठून उभा राहिला होता. त्यानं झोळी पुढं केली नाही.

"पीठ नको."

"मग? भाकरी आणू? सकाळची आहे."

"तो तुकडा घाल."

सोजरबाईला वाटलं, चेष्टा करतोय. फकीर हसत नव्हता.

"त्याचं काय करता? सोनं आहे का ते?"

"घाल, माय."

"आजवर तुम्ही कधी नाव घेऊन काही मागितलं नाही."

"आज मागतो."

"अहो, तो माझा पुरावा आहे! साऱ्या गावानं खोटं पाडलं मला. तोच दिला तर पोरीला दाखवू काय?"

फकीर झोळीचं तोंड उघडून तसाच उभा राहिला...

सोजरबाईचा हात दाराच्या फळीवर गेला. सवयीनं. अशा वेळी हातच आपोआप जायचा. एक धक्का, की समोरचं माणूस बाहेर आणि आपण आत. नंतर मोठ्यानं टीव्ही.

फळी अर्धी फिरली.

उदाचा धूर उरलेल्या फटीतून आत गेला, खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगाभोवती फिरला आणि विरला.

फकीर तसाच उभा...

"घ्या!" ती ओरडली. फळी भिंतीवर आदळली. "घ्या, तेवढंच उरलं होतं माझ्याकडं, तेही घ्या!"

पाटावरचा तुकडा झोळीत पडला. आवाजसुद्धा झाला नाही, इतका हलका.

फकिरानं दुवा दिला. तो पायऱ्या उतरू लागला.

सोजरबाई पाटापुढं येऊन बसली. बोट पडद्यापर्यंत गेलं, मागं आलं. पुन्हा गेलं.

घंटी वाजली. वाजत राहिली...

मग स्वप्नाली दिसली. मोठ्ठी. गळ्यात काळे मणी, डोळ्यांखाली काळं. ती हसली नाही.

"आई. त्या दिवशी तूच बंद केलंस ना?"

सोजरबाईचा हात पाटावर फिरला. जिथं तुकडा ठेवला होता तिथं गेला. तिथं काही नव्हतं. हात तसाच उघडा राहिला, पोरीला दिसेल असा.

ती अर्धी वळली. फकीर अंगणाच्या कडेला पोचला होता.

"बाबा!" तिनं हाक मारली. "ही विचारतीय... कुणी तोडलं म्हणून सांगू हिला?"

फकीर थांबला. झोळी खांद्यावर सारखी करून त्यानं, तुकडा पडला होता तिथं, झोळीवर हात ठेवला.

"सांग," तो म्हणाला, "उस्मानशानं."