दाराशी बसलेली सालोमीबाई

माळावरच्या एका गावात सालोमीबाई नावाची एक विधवा राहायची. तिच्या मुलीनं, रिबेकानं, घरी न सांगता परजातीतल्या मुलाशी लग्न केलं आणि गाव सोडलं. चर्चच्या पंचांनी शिक्षा दिली ती आईला. "पोरीला वळण लावलं नाहीस. आता दाराशी बसायचं. प्रभुभोजनाची भाकरी बंद. आम्ही बोलावू तेव्हाच पुढं यायचं."

सात वर्षं झाली, पंचांनी काही बोलावलं नाही. बाई दर रविवारी चर्चच्या दाराशी, चपलांच्या शेजारी बसायची. नाताळला ताटभर करंज्या करायची. पण वाळीत टाकलेल्या बाईच्या घरचं खाणार कोण? शेवटी तीच करंज्या कोंबड्यांपुढं टाकायची आणि कोंबड्यांशीच चार शब्द बोलायची. एकटेपण फार वाईट हो, माणूस आतून सुकत जातं.

आणि मग काय झालं, मुख्य पंच शांतवनराव यांच्या मुलानं, अमोसनंही तेच केलं. घरी न विचारता परजातीतली बायको घेऊन आला. आता पंच काय शिक्षा देतात? छे! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पुढच्याच रविवारी अमोस पहिल्या बाकावर, बापाच्या मांडीला मांडी लावून!

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, गावात नवीन होते, पण दोन्ही गोष्टी त्यांच्या कानावर आल्या होत्या. प्रभुभोजनाआधी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "शांतवनराव, अमोसला कशाच्या जोरावर आत घेतलं?"

"कृपेच्या, साहेब. कर्मानं कोण नीतिमान ठरलाय? प्रभूवर विश्वास आहे त्याचा, झालं."

"मग सालोमीबाई?"

"तिचं वेगळं. ती मुलीची गोष्ट पडली. समाजात तोंड दाखवायचं असतं."

सालोमीबाईला रडू फुटलं. विश्वास तर तिचाही होता. सात वर्षं तेवढाच एक सोबतीला होता. ती उठली, सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि भाकरीच्या मेजासमोर गुडघे टेकून बसली.

"बोलावणारा प्रभू आहे," ती म्हणाली. "मी वेडी, पंचांची वाट बघत बसले."

शांतवनराव ताडकन उठले. "ही इथं असेल, तर मी भाकरीला हात लावणार नाही!"

"तुमची मर्जी," पाळकसाहेब म्हणाले. "पण जाताना अमोसला दाराशी बसवून जा."

शांतवनरावांनी मुलाकडं पाहिलं. मग खाली मान घालून पुढं आले आणि सालोमीबाईच्या शेजारी गुडघे टेकून बसले.

तात्पर्य: आपल्या माणसाला कृपा आणि दुसऱ्याच्या माणसाला कायदा, हा न्याय देवापुढं चालत नाही. विश्वासानं एक नीतिमान ठरत असेल, तर दुसराही ठरतो.