निशाणाचा हत्ती

राजेरजवाड्यांच्या काळी मोतीगज नावाचा हत्ती राज्याचं निशाण पाठीवर घेऊन फौजेच्या पुढं चालायचा. एका लढाईत जीत अगदी हाताशी आली, तोच त्याला बाजूला नदी दिसली. "दोन घोट पिऊन येतो, कुणाला कळतंय!" म्हणत तो वळला. निशाण फिरलेलं बघून फौजेला वाटलं, राजाच पळाला. सगळे उधळले आणि राज्य बुडालं.

शत्रूनं मोतीगजाला हार घातला आणि आपल्या पागेत नेऊन बांधलं. शेजारी त्याच्याच फौजेतली एक जखमी घोडी बांधली होती.

"मला तहान लागली होती गं," तो पुटपुटला.

"तहान आम्हालाही होती, मेल्या!" घोडी कडाडली. "पण आमच्याकडं बघून फौज चालत नव्हती."

बाहेर शत्रूचे नगारे वाजत होते. मोतीगजानं डोळे मिटले, पण एवढाले कान त्याला मिटता येईनात.