खोक्यावरची चिठ्ठी

बाळांनो, घरी मागवलेल्या वस्तूचं रिकामं खोकं तुम्ही तसंच बाहेर टाकता का?

रानात मोबाईलवरून खरेदी नुकतीच सुरू झाली, तेव्हाची ही गोष्ट. गोदा सशिणीने मऊ कापूस मागवला आणि रिकामं खोकं वाटेवर टाकून दिलं. सामान पोचवणाऱ्या पारव्याने ते परत आणलं.

“गोदाताई, यावर लिहिलंय बघा: ‘गोदा, करवंदीची जाळी, पिल्लांचा कापूस.’ कोल्होबा हल्ली वाचायला शिकलेत हो!”

गोदाने खोक्यावरची ती चिठ्ठी फाडून बारीक तुकडे केले आणि कोरं खोकं पुन्हा वाटेवर ठेवलं.

“पारवेदादा, माझी पिल्लं वाचवलीत. चार दाणे तरी टिपून जा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ह्याने वाटेवरचं कोरं खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि तो करवंदीच्या जाळीवरून सरळ पुढे निघून गेला.